उंडीचं तेल आणि एक बादली

केळशीला किनाऱ्याच्या वाटेवर मला रोज एक म्हातारा खलाशी दिसायचा. होडीला लावून उरलेलं उंडीच्या बियांचं तेल तो शेजाऱ्यांच्या परसातल्या डबक्यांत, जुन्या टायरांत थेंबथेंब सोडायचा आणि डासांच्या अळ्या वळवळायच्या थांबेपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहायचा. त्याच्या दारातली एक बादली मात्र मच्छरदाणीच्या तुकड्याने तोंड बांधून ठेवलेली असायची. आत अळ्या खुशाल पोहत असायच्या.

“हिच्यात का नाही घातलंत तेल?” मी एकदा विचारलं.

“ऱ्हाऊ दे ती. सगळेच मारले तर लोकं बोलतील, यंदा डास नव्हतेच!” तो बोळकं पसरून हसला.

यंदा माझ्याही परसात एक बादली तोंड बांधून ठेवली आहे. पाहुण्यांना चहाआधी तीच दाखवतो.