चैतालीच्या अनुभवाचा दाखला

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे वीस वर्षं झाडू मारून सुलाबाईनं लेकीला, चैतालीला, बी.एड. केलं. चैताली शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका खासगी शाळेत चार वर्षं गणित शिकवत होती. मग लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईला तिथं नोकरीसाठी वेगळी परवानगी लागते. अर्ज करून दहा महिने झाले तरी परवानगीचा पत्ता नव्हता. तोवर तिथला शिक्षिकेचा परवाना तरी हातात असावा म्हणून चैतालीनं त्याचाही अर्ज भरला. त्याला जुन्या शाळेचा अनुभवाचा दाखला हवा होता, शिक्का मारलेल्या बंद पाकिटात.

सुलाबाई शाळेत गेली. मुख्याध्यापक आहेरांनी तिला बसासुद्धा म्हटलं नाही.

"तुमची मुलगी डिसेंबरात नववीचा वर्ग वाऱ्यावर सोडून गेली. तिचे तास मला घ्यावे लागले. आता दाखला पाहिजे?"

"चार वर्षं शिकवलं ना तिनं, सर."

"तिकडं काम करायची परवानगी तरी आहे का तिला?"

"अजून नाय."

"मग दाखल्याची काय पूजा घालणार? परवानगी आली की या."

"परवानगी तिथल्या सरकारच्या हातात हाय. दाखला तुमच्या हातात हाय."

आहेरांनी बेल दाबून शिपायाला बोलावलं आणि तिला बाहेर काढलं.

पुढचे दोन सोमवार तिला व्हरांड्यात ताटकळत ठेवून शाळा सुटताना 'साहेब गेले' असं सांगण्यात आलं. तिसऱ्या सोमवारी ती थेट शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेली. लेखी तक्रार दिली, पोच घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती पोच आहेरांच्या टेबलावर ठेवली.

अर्ध्या तासात दाखला टाइप होऊन आला. पाकीट बंद व्हायच्या आत सुलाबाईनं तो मागून घेतला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. शेवटी लिहिलं होतं, 'वर्तन असमाधानकारक.'

"मधेच सोडून गेली ते लिहा, खरं हाय. हे खोटं हाय. हे काढा."

"शाळा मी चालवतो का तुम्ही?"

"चार वर्षांत तिला दिलेला एक मेमो दाखवा. मग राहू द्या."

आहेरांनी कागद टराटरा फाडला. नव्या दाखल्यात नुसत्या तारखा आणि विषय होता. पाकीट तिच्यासमोर भिरकावत ते म्हणाले, "पुन्हा या शाळेची पायरी चढू नका."

कुरिअरच्या दुकानात तिनं पोराकडून पत्ता दोनदा वाचून घेतला आणि पाकीट अमेरिकेला धाडलं.

अडीच महिन्यांनी परवाना आला. कामाच्या परवानगीचं काही कळेना. सुलाबाई फोनवर रोज विचारायची, आणि एक दिवस चैताली तडकली.

"आई, रोज तेच विचारून डोकं उठवू नको. इथं काय चाललंय ते तुला काय माहीत?"

"आन् दाखला कसा मिळाला ते तुला कुठं माहीत हाय?" सुलाबाईनं फोन ठेवून दिला.

चार दिवस तिनं लेकीचा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी उचलला आणि शाळेत घडलं ते एकेक करून ऐकवलं, त्या फाडलेल्या कागदासकट. त्यानंतर चैताली स्वतःच रोज फोन करून काय झालं ते सांगू लागली. परवानगी अजून आलेली नाही.