उपासाला चालणारी कॅप्सूल

हे कोणालाही सांगायचं नाही, असं आईनं मला दोनदा बजावलंय, एकदा तर देवघरासमोर उभं करून. पण मोठ्या काकू आत जप करतायत, तेवढ्यात सांगून टाकते. एरवी मी चारचौघांत तोंडच उघडत नाही. आणि त्या दिवशी नेमकं तेच नडलं!

मोठ्या काकू सणासाठी बिडकीनहून आमच्याकडे आल्यात. हरतालिकेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला धरलं. "उपास निर्जळी करायचा बरं का! पाण्याचा थेंब नाय घ्यायचा."

माझ्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. त्याच्या कॅप्सूल चालू होत्या. मी घाबरत घाबरत पाकीट दाखवलं.

"औषध चालतं," काकू म्हणाल्या. "त्याला देव काय म्हणत नाय."

आता तुम्हीच सांगा, औषध चालतं आणि पाणी चालत नाही, याचा अर्थ काय होतो? मी सकाळी कॅप्सूल कोरडीच गिळली आणि पुन्हा आडवी झाले!

थोड्याच वेळात छातीच्या मधोमध कोणीतरी ठेचा वाटायला बसलं. थुंकी गिळली तरी डोळ्यांत पाणी!

पूजेला सोसायटीतल्या बायका जमल्या. मी वाळूच्या पिंडीसमोर बसले होते आणि गालांवरून घळाघळा धारा चालल्या होत्या.

"बघा तरी!" काकू म्हणाल्या. "पोर लई भाविक हाय."

"काय गं, काय होतंय?" शेजारच्या दीपावहिनींनी विचारलं. मी गळ्याकडे बोट दाखवून नुसती मान हलवली.

"मौन हाय तिचं!" काकूंनी परस्पर जाहीर केलं.

झालं! दीपावहिनींनी त्यांचं तान्हं बाळ आणून माझ्या पायांवर घातलं. माझ्या! जिला अजून स्वतःची वेणी नीट घालता येत नाही, तिच्या! मी कळवळून डोळे मिटले, तर सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद देतेय.

शेवटी आईनं मला मोरीत ओढलं. मी कसंबसं खरं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. देवळात जाऊन येतो, असं काकूंना सांगून तिनं मला रिक्षात घातलं आणि क्रांती चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं.

"कॅप्सूल घेताना पाणी किती प्यायलीस?"

"थेंबसुद्धा नाही," मी अभिमानानं कुजबुजले.

डॉक्टर खुर्चीतून उठलेच! "अगं, अन्ननलिकेला चिकटते ती! आतून भाजल्यासारखी जखम होते. पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही." त्यांनी समोर बसवून मला पाणी पाजलं, कॅप्सूल बंद केल्या आणि पातळ औषध लिहून दिलं.

"मोडला की हो उपास," आई हळहळली.

"तो सकाळीच मोडला! कॅप्सूलचं कवच कशाचं असतं? जिलेटिनचं. जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात ते."

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. निर्जळी हरतालिका, आणि हाडं!

रिक्षात बसताच आई म्हणाली, "काकूंना एक अक्षर सांगायचं नाही."

काकू दारातच उभ्या होत्या. "मोडला नाय ना उपास?"

"छे हो ताई!" आई म्हणाली. काकूंनी माझी दृष्ट काढली.

तेव्हापासून त्या येईल त्याला माझं उदाहरण देतात, आणि मला घास जात नाही. आज एकादशी. काकूंचा निर्जळी उपास आहे. आज धीर करून त्यांना खरं सांगायचंच, असं मी ठरवलंय, कारण लोकांनी आपल्याला उगाच संत समजलं की मग आपल्याला—

"ए पोरी! दाढ लई ठणकायलीय गं माझी. तुझी ती उपासाला चालणारी गोळी आण. अन् पाणी नको आणू!"