खलनायकाचा हात

साऱ्या गोंदिया जिल्ह्यात माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका संतापी माणूस दुसरा नसेल. असलाच, तर त्याने चिचगडला येऊन ह्यांच्यापुढे उभं राहून दाखवावं. दारात आलेल्या माणसाला इथे आधी शिव्या मिळतात, मग पोटभर जेवण. रेडिओवरच्या बातम्यांना ते उलट उत्तरं देतात. दरवर्षी दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते; तिच्या नाटकात खलनायक ह्यांचाच. तिथे ते अभिनय करत नाहीत, उलट आवाज जरा कमीच करतात.

किडनी निकामी झाली तेव्हा ते किडनीवर भडकले. माझ्या बायकोने आपली दिली, तर तिच्यावर: "तुले कोनी सांगितलं होतं वो?" शरीराने नवी किडनी परकी समजून झिडकारू नये, म्हणून जन्मभराच्या गोळ्या लागल्या. पहिल्या औषधाने कपाळावर, कानांवर केस उगवले, हिरड्या सुजून दातांवर चढल्या. पोरं बघून पळत. हे मात्र खूश! "जवाई, औंदा मेकअपवाला नाई लागत!" पण हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि नागपूरच्या डॉक्टरांनी औषध बदललं.

नव्या गोळीने अंगावरचे केस गेले, जाताना डोक्यावरचेही घेऊन गेले. साखर वाढली. हात थरथरू लागले. चहा सांडला की ते हातातल्या कपावरच डाफरत, "हालून काऊन राहिला बे?" तालमीत त्यांनी नायकावर पिस्तूल रोखलं, ते असं लटपटलं की सगळे पोट धरून हसले.

पुढे काही दिवसांत हात एकदम स्थिर झाला. आम्ही कौतुक करत बसलो. बायकोने मात्र सरळ गोळ्यांचा डबा उघडला. नव्या गोळ्या जशाच्या तशा!

"भाऊ, गोळ्या काऊन नाई घेतल्या?"

"मंडई होऊ दे, मंग घेतो. हात थरथरते तं लोक हासतेत."

"हासू दे! तुह्या पोटात माही किडनी हाये. पोट फाडून दिली ते नाटकासाठी? हे गेली तं दुसरी कोन देईन? सांग ना, कोन देईन?"

"ओरडू नको वो..."

"ओरडन! तुनंच शिकवलं!"

तिने तिथल्या तिथे नागपूरला फोन लावला आणि भावाच्या कानाला धरला. फोनवर डॉक्टर तर तिच्याहूनही मोठ्यांदा ओरडले. गोळी लगेच गिळली, मग रक्त तपासायला नागपूर. किडनी वाचली. डॉक्टरांनी मात्रा जराशी उतरवली. थरथर कमी झाली, गेली नाही. खलनायक दुसऱ्याला मिळाला.

मंडईला ते बहिणीशेजारी सतरंजीवर बसले. नव्या खलनायकाचं प्रत्येक वाक्य त्याच्या आधी पुटपुटत होते, मधूनच "मेंढरू हाये लेकाचं!" म्हणून फुत्कारत होते. पिस्तूल रोखायचा प्रसंग आला, तसा ह्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, रिकामा, थरथरता. बायकोने तो हळूच खाली घेतला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. त्यानंतर पडदा पडेपर्यंत ते कुणावरच रागावले नाहीत. आणि मी आपला वाट बघत राहिलो, हा माणूस एकदा तरी खेकसेल म्हणून.