अठ्ठावन्नला पहिला नंबर

मला साखरेचा आजार आहे, पण मी गोळी घेत नाही. हे वाक्य मी भाजीवाल्या बाईपासून लग्नातल्या अनोळखी विहिणींपर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं आहे. आजार सापडला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, खाणं आणि चालणं जमवून बघू, नाही जमलं तर गोळी आहेच. मी जमवलं. सकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर चालते, रात्री ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाते, चहात साखर टाकत नाही. वजन उतरलं, साखर उतरली. तरुणपणी मला दुपारच्या झोपेतून उठवायला सासूबाईंना आधी हाक आणि मग पितळी भांडं आपटावं लागायचं. तसल्या झोपाळू बाईनं, म्हणजे मी, हे करून दाखवलं, म्हणून मान जरा जास्तच ताठ.

या मानेला एक प्रतिस्पर्धी आहे. माझा धाकटा भाऊ. तो धुळ्याला असतो, त्यालाही साखर, आणि तो दोन वेळा गोळी घेतो. फोनवर आधी एकमेकांचा आकडा विचारायचा, मग पाऊसपाणी, अशी आमची रीत. ज्याचा आकडा कमी, तो जिंकला. खाली किती जायचं यालाही काही हद्द असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. साखर कमी होते ती गोळीवाल्यांची, असं ऐकून होते. मग मला कसली भीती?

यंदा चैत्रातल्या एकादशीला मी एसटीनं धुळ्याला निघाले. उपवास होता, म्हणजे साखर आपोआप ताब्यात, असा माझा हिशोब. सकाळी ताटलीभर साबुदाण्याची खिचडी आणि वर दोन केळी खाल्ली. जळगावात राहून केळ्याला नाही म्हणायचं तर गाव सोडावं लागेल. त्यानंतर तोंडात काही नाही. एरंडोलपर्यंत मी शेजारच्या बाईला माझी बिनगोळीची कथा सांगत होते. पारोळं मागे पडलं आणि अंगाला घाम सुटला. हात थरथरायला लागले. पोटात खड्डा पडला आणि डोक्यात राग. खिडकी उघडत नाही म्हणून कंडक्टरला बोलले, खिडकी उघडल्यावर वारा गरम येतो म्हणून पुन्हा बोलले. ऊन बाधलं असेल म्हणून पदरानं वारा घेत बसले.

भावाच्या घरी पोचल्या पोचल्या म्हणाले, साखर मोजायचं मशीन काढ. तो म्हणाला आधी पाणी पी. मी ऐकते का? हात धुतले, कोरडे केले, बोट पुढे केलं. मशीननं दाखवलं, अठ्ठावन्न.

"हरलास," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला, पण हरल्यासारखा नाही. त्यानं माझा हात धरला.

"अक्का, तुना हात काबर थरथरी ऱ्हायनात?"

आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन पेलाभर साखरेचं पाणी ढवळून आणलं. मला वाटलं, हा लबाडी करतोय. मला साखर पाजून माझा आकडा चढवणार आणि मग पुन्हा मोजणार. लहानपणी पत्त्यांतही असंच करायचा. मी तोंड फिरवलं.

"गुपचूप पे," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला हुकूम सोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं. थोड्या वेळानं थरथर थांबली, राग गेला, कंडक्टर बिचारा चांगला माणूस होता असं वाटायला लागलं. पुन्हा मोजलं तर ब्याण्णव. पहिला आकडाच धरायचा, असं मी त्याला बजावलं. त्यानं तो धरला, पण माझ्या मुलाला फोन करून सांगण्यासाठी.

जळगावला परतल्यावर मुलानं समोर बसवलं. तो कधी आवाज चढवत नाही, तेच त्याचं वाईट. त्यानं विचारलं, मामाच्या गोळ्या तर घेतल्या नाहीस ना? बाजारातली कसली पुडी? मला ते फार लागलं. ज्या गोष्टीचा मी गावभर डंका पिटला, तीच घरात खोटी ठरत होती. नाही म्हणून सांगितलं. त्याचा विश्वास बसला, पण तेवढ्यावर भागलं नाही. तो म्हणाला, "या आखाजीला तू खापरापाशी उभी राहायची नाहीस. पोळ्या बाहेरून मागवू."

खानदेशाबाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पितरांसाठी घागर भरतात, आणि घरोघरी मांडे होतात. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं. पुरण भरलेला गोळा हातावर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि पातळ झाला की एका झोकात खापरावर टाकायचा. ते काम घरात मी करते. माझी मुलगी आणि नात त्या मांड्यासाठी येतात, निदान मी तरी तसं समजते. खापर सोडायचं म्हणजे मी घरातली शोभेची बाई झाले.

आणि ते हातात यायला मला किती वर्षं लागली! नवी नवरी असताना पहिल्या आखाजीला मी उशिरा उठले. मग घाबरून सगळं एकदम करायला धावले. चूल अशी पेटवली की खापर लाल, कणीक अशी सैल की पहिला मांडा माझ्या कोपराला गळपट्ट्यासारखा चिकटला. दुसरा खापरावर पडला तो अर्धा, उरलेला चुलीत. नैवेद्याला दुपार टळली. सासूबाई एवढंच म्हणाल्या की पितर वाट बघून शेजारी जेवायला गेले असतील.

मुलासोबत डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनीही आधी गोळ्यांचं आणि पुड्यांचं विचारलं. मग त्या दिवशी काय खाल्लं ते विचारलं. उपवास होता, मी अभिमानानं सांगितलं. खिचडी आणि केळी ऐकून त्या हसल्या. मशीनवर विसंबायला नको म्हणून उपाशीपोटी आणि खाल्ल्यानंतर थोड्या थोड्या वेळानं शिरेतून रक्त काढून तपासलं. खाल्ल्यावर साखर वर गेली आणि तीनेक तासांनी, गोळीबिळी काही नसताना, खाली घसरली. मी मुलाकडे बघितलं. त्यानं खाली बघितलं.

बाईंनी समजावलं की या आजारात सुरुवातीच्या काळात काहींचं असं होतं. साबुदाण्यासारखं खाल्लं की साखर झपाट्यानं चढते. शरीरातलं इन्सुलिन उशिरा जागं होतं, आणि मग गडबडीत गरजेपेक्षा जास्त येतं.

"म्हणजे नवी सून असताना मी होते, तसंच ते आहे," मी म्हणाले. बाईंना कोपराला चिकटलेला मांडा सांगावा लागला.

त्यांनी खापराला बंदी घातली नाही. पण अट घातली. एकदम पोटभर गोड नाही, फार वेळ उपाशी नाही. दर थोड्या वेळानं डाळ, दाणे, दही असं काहीतरी. थरथर झाली तर आधी साखर, मग मोजणं, मग खाणं. साखरेच्या आजारवालीला त्यांनी पदराच्या गाठीला खडीसाखर बांधायला सांगितली. मुलगा म्हणाला, बघू.

अडचण अशी की आमच्या घरी आखाजीला शेवटचा मांडा उतरल्यावर पितरांचा नैवेद्य होतो, आणि तोवर खापरापाशी उभी असलेली बाई तोंडात काही घालत नाही. ही रीत सासूबाईंची. मी ती कधी मोडली नाही आणि सुनेलाही मोडू दिली नाही. आता खापर धरावं तर रीत जाते, रीत धरावी तर खापर जातं. दोन दिवस मी कोणाशी नीट बोलले नाही. घरच्यांना वाटलं साखर उतरली; दाणे पुढे केले.

तोड सुनेनं काढली. डाळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, पितरांना शेवटपर्यंत ताटकळत का ठेवायचं? पहिलाच मांडा त्यांना देऊ. आजेसासूबाईंनाही भूक लागत असेल."

सासूबाई आता पितरांतच आहेत, हे मला सुचलं नव्हतं. त्या असत्या तर उशिरापेक्षा लवकर मिळालेला मांडा त्यांनी आधी घेतला असता. मुलानंही बाहेरच्या पोळ्यांचं नाव सोडलं. इतकी चलाख सून मी निवडून आणली होती, हे मी त्याच दिवशी शेजारी सांगून आले.

आखाजीला बहिणीनं माहेरी जायचं. यंदा माहेर मशीन घेऊन माझ्याकडे आलं. भाऊ सकाळीच अंगणात खुर्ची टाकून बसला, जणू परीक्षेचा पर्यवेक्षक. उजाडताच चूल पेटली होती. पहिला मांडा मी हातावर घेतला, झुलवला, कोपरापर्यंत आणला आणि टाकला. खापरभर, कुठे भोक नाही. मुलानं घागरीपुढे पान मांडलं, निखाऱ्यावर तुपाचा घास टाकला. मग सुनेनं उकडलेल्या डाळीची वाटी आणि दही माझ्या हातात दिलं, आणि चुलीपाशी उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत, मी खाल्लं. आभाळ कोसळलं नाही.

मध्ये सुनेनं एक मांडा स्वतः झुलवायला मागितला. तो तिच्या मनगटावरच फाटला. माझा कोपराला चिकटला होता, म्हणजे तुझी सुरुवात माझ्यापेक्षा बरी, असं मी तिला सांगितलं. नात झोक्यावरून ओरडली की तिला आजीचाच हवा. ऐकू आलं नाही असं दाखवून मी ते तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

परातीतली कणीक संपत आली तेव्हा भाऊ उठला. मी हात धुतले, नीट पुसले, बोट पुढे केलं.

"एकशे बारा," तो म्हणाला. मुलानंही वाकून बघितलं, आणि चुलीत एक लाकूड सरकवलं.

"तुनी कितली शे?" मी भावाला त्याचा आकडा विचारला.

त्यानं स्वतःचं बोट न टोचताच मशीन पिशवीत घातलं आणि सुनेला विचारलं, आंब्याचा रस झाला का.