गुरुवारचे पेढे

गुरुवारी दिवेलागणीला माझा फोन थरथरतो आणि घरखर्चाचं ॲप विचारतं, ‘पेढे, चाळीस रुपये. नोंदवू का?’

सासरे दर गुरुवारी दत्ताच्या देवळातून पेढे आणायचे. पैसे घरखर्चाच्या पाकिटातून न्यायचे आणि परत आले की चपला काढता काढता विचारायचे, “लिहिलंस का गं?” मी लगेच फोनमध्ये नोंदवायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. पण ॲपला माणूस गेल्याचं कळत नाही, त्याला सवय तेवढी कळते. घराचंही बहुधा तसंच असतं. त्यांच्या खुर्चीत अजून आमच्यापैकी कोणी पटकन बसत नाही.

एरवी मी ‘नको’ दाबते. दाबताना कुणाला तरी दारातूनच परत पाठवल्यासारखं वाटतं. या गुरुवारी हात कणकेत होते. करंगळीने बंद करायला गेले आणि ‘हो’ दाबलं गेलं.

“आता पाकिटाचा हिशोब चुकणार,” नवरा हसत म्हणाला.

चूक दुरुस्त करायची म्हणून मी पाकीट ओट्यावर रिकामं केलं. नोटा मोजल्या, नाणी मोजली. चाळीस वजा झालेल्या ॲपमधल्या रकमेशी सगळं तंतोतंत जुळलं.

“तू काही घेतलेस यातले?” मी विचारलं.

“नाही.” आता तो हसत नव्हता.

देवासमोरची पेढ्यांची डबी वर्षभर रिकामीच आहे. आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे राहिलो. झाकण उघडायला कोणीच पुढे झालं नाही.