बिनजाळाचं लग्न

सरकारचं सांगणं अक्षरशः ऐकणारा माणूस उभ्या भारतवर्षात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. बाकीची प्रजा सरकारचं म्हणणं ऐकते, मान डोलावते आणि आपल्याला हवं तेच करते. आमचे साडू मान डोलावण्यात वेळ घालवत नसत, उठून थेट कामाला लागत. गोष्ट त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची. तेलाचे भाव भडकले, रॉकेलच्या रांगा लागल्या, विजेची कपात सुरू झाली आणि इंधन वाचवा, वीज जपून वापरा असं रेडिओ रोज सांगू लागला. नगरला सावेडीत आम्ही ते ऐकून पंखा एका आकड्यानं कमी केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढवला. तिकडे श्रीगोंद्याच्या बाजूला, आपल्या मळ्यातल्या घरात साडूंनी तेच ऐकलं आणि त्यांना वाटलं, दिल्लीहून कुणीतरी खास आपल्याशीच बोलतंय. तो माणूस रोज बोलत होता आणि हे रोज काहीतरी नवं बंद करत होते.

त्यांच्या घरी वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. चार खोल्यांत चार दिवे होते. साडूंनी त्यातले तीन उतरवून ट्रंकेत ठेवले आणि उरलेल्या एकाला लांबलचक वायर जोडली. ज्याला उजेड हवा त्यानं दिवा उचलून आपल्या खोलीत न्यायचा आणि खिळ्याला अडकवायचा. "उजेड मानसामागं हिंडला पायजे," ते मला समजावत, "रिकाम्या भिंतीला उजेड दावून काय उपेग?" तत्त्व बिनतोड होतं, पण घरात माणसं पाच आणि दिवा एक. एकदा मी जेवत असताना गोठ्यातून हाक आली आणि माझ्या डोक्यावरचा दिवा वायरीसकट निघून गेला. अंधारात मी गुळाचा खडा समजून लिंबाच्या लोणच्याची अख्खी फोड तोंडात टाकली. दिवा परत आला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि साडूंना वाटलं, मला त्यांचं म्हणणं मनापासून पटलं.

काड्यापेटीतली काडी ते ब्लेडनं उभी चिरून तिच्या दोन करत. आंघोळीचं पाणी उन्हात ठेवलेल्या हंड्यात तापे, त्यामुळे त्यांच्याकडे पाहुण्यांना आंघोळ दुपारी तीनच्या सुमारास मिळे आणि ढग आले तर मिळत नसे. होळीला त्यांनी दोन आळ्यांमध्ये मिळून एकच होळी पेटवावी असा ठराव मांडला. ठराव बारगळला, पण त्या वर्षी दोन्ही आळ्यांनी ज्यांच्या नावानं बोंब मारली ते गृहस्थ एकच होते. म्हणजे त्या बाबतीत बचत झालीच. आमच्या घरी आले की ते आधी दिवाणखान्यातला दिवा घालवत आणि मग बसत. माझी बायको कुरकुरली, तर म्हणत, "गप्पांला उजेड कशाला लागतो? तोंड कुठं हाय हे ज्याचं त्याला ठाऊक असतं."

आक्का, म्हणजे माझी मेहुणी, हे सगळं शांतपणे सोसत. त्यांना एकदा मी म्हटलं, तुम्ही काही बोलत कसं नाही? त्या म्हणाल्या, "बोलून दमायचं कशाला? त्ये बी वाचिवलंच पायजे ना." नवऱ्याच्या धोरणाचा एवढा सोयीस्कर अर्थ दुसऱ्या कुणाला सापडला नसेल.

पण साडूंचा खरा पराक्रम पाहायचा तो फटफटीवर. त्यांच्याकडे एक जुनी फटफटी होती. तिचं इंजिन म्हणजे चढावर नाइलाजानं सोसायची आपत्ती, असं ते मानत. उतार लागला की इंजिन बंद. मग आम्ही दोघं मुकाट्यानं, वाऱ्याच्या मर्जीनं खाली घरंगळत असू. एकदा डोक्यावर भारा घेतलेली एक बाई आम्हाला मागं टाकून गेली आणि पुढं जाऊन तिनं वळून विचारलं, "भाऊ, बिगडली का?" साडू अभिमानानं म्हणाले, "बिगडली न्हाई, वाचिवली." उतार वाया घालवणं त्यांना अन्न टाकून देण्यासारखं वाटे. त्यामुळे माझ्या फाटकाशी ते कधीच थांबत नसत. आमचा रस्ता उताराचा. ते हात हलवत दारावरून पुढं निघून जात आणि गाडी आपणहून जिथं थांबेल तिथं उतरत. ती नेमकी पाच-सहा बंगले सोडून एका घरापुढं थांबे. त्या घरातल्या लोकांना पहिल्यांदा नवल वाटलं, दुसऱ्यांदा त्यांनी पाणी दिलं, आणि पुढं पुढं साडू आमच्याकडे येण्याआधी तिथं चहा घेऊ लागले. त्याच घरातल्या बाईंनी आपल्या कर्जतकडच्या भाच्यासाठी साडूंच्या मुलीला, नंदाला, मागणी घातली. मुलगा शिकलेला, घर शेतीवाडीचं, माणसं चांगली. मुलीचं स्थळ उतारानं मिळवणारा बाप मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

नंदा त्यांची एकुलती एक. अबोल, हुशार आणि बापाच्या तऱ्हांनी लोकांत शरमिंदी होऊन होऊन आतल्या आत मिटलेली. तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. तालुक्याच्या प्रदर्शनात साडू एक पेटी पाहून आले होते. लाकडी खोक्यात भुसा ठासून भरायचा, चुलीवर उकळी आलेलं भांडं त्यात पुरायचं, वरून भुशाची गादी दाबायची. आतली ऊब आत राहते आणि पुढचं शिजणं बिनजाळाचं होतं. साडूंनी घरी येऊन तशी पेटी बनवली होती, आणि खोटं कशाला बोला, तिच्यात डाळ शिजायची. तेव्हापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटीचं झाकण उघडून डाळ दाखवत. लग्न ठरलं त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, सगळं जेवण बिनजाळाचं होईल. अंगणामागं मोठाले खड्डे खणायचे, त्यांत भुसा भरून हंडे पुरायचे.

नंदा त्या वेळी माझ्यादेखत बापाला म्हणाली. "दादा, घरात तुमी काय बी करा. माज्या लग्नात चुली पेटू द्या. लोक हसले तर तुमाला एक दिस ऐकावं लागंल, मला तिकडं जलमभर ऐकावं लागंल."

साडूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा जीव होता तिच्यावर, आणि तसाच सरकारवर. "हसत्याल कशाला बाळ?" ते म्हणाले, "बोटं तोंडात घालत्याल." बोटं खरोखरच तोंडात घालावी लागतील, ती भुकेनं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शिवाय त्यांनी व्याह्यांना निरोप धाडला की वऱ्हाड ट्रकनं आणू नये, डिझेल जळतं, बैलगाड्या आणाव्यात. व्याही तालेवार शेतकरी, अंगानं दांडगे, आवाजानं त्याहून. ते चिडले, पण सोयरीक मोडायची नाही म्हणून आले. वैशाखातल्या सकाळी पंधरा-वीस गाड्यांचं वऱ्हाड धूळ उडवत मळ्यात शिरलं. माणसं वैतागलेली, बैल फेसाळलेले. इकडे साडूंचे हंडे पहाटेच उकळून खड्ड्यांत गेले होते. घरातला, शेजारचा, उसनवारीचा सगळा भुसा आणि कडबा त्यांनी हंड्यांभोवती कोंबला होता आणि वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. दुष्काळ नुकताच सरलेला. एवढी वैरण एका जागी पाहून गावातली माणसं सकाळपासून नुसतीच येऊन बघून जात होती.

आता आमच्याकडे रीत अशी की वऱ्हाडाला पाणी देण्याआधी वऱ्हाडाच्या बैलांना पाणी आणि वैरण द्यायची. माणूस रुसला तर समजूत घालता येते, बैलाची कशी घालणार? हे काम साडूंच्या चुलत्यांकडे होतं, त्यांना सगळे आबा म्हणत. आबांना पेटी-बिटीचं कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नसतं. त्यांनी गोठ्यात पाहिलं, वैरणीची काडी नाही. परसात पाहिलं, तर हा ढीग. आपल्या चिकट पुतण्यानं व्याह्यांच्या बैलांसाठी एवढी वैरण मांडून ठेवली, या विचारानं म्हाताऱ्याला भरून आलं. त्यांनी सगळे बैल सोडून त्या खड्ड्यांवर नेले.

त्या वेळी साडू मांडवात कन्यादानाला बसले होते. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि आचारी वाकून त्यांच्या कानाशी लागला. "मालक, तांदूळ दाताखाली खडखडतोय. डाळ गार हाय. अन् वरची वैरन कुठं गेली?"

साडू उपरण्याची गाठ सोडवत परसात धावले, मागोमाग मी. खड्ड्यांच्या भोवती बैल ओळीनं उभे होते आणि माना खाली घालून भुशात तोंडं खुपसत होते. मधून मधून हंड्यांची झाकणं उघडी पडली होती. आबा एका बैलाच्या वशिंडावर हात फिरवत उभे होते. "खाऊ दे," ते साडूंना म्हणाले, "छावनीत वाळली बिचारी. तुजी बुद्दी मला आज पयल्यांदा पटली बग."

एवढ्यात मागून व्याही आले. त्यांच्या मागं सगळं भुकेलं वऱ्हाड. मांडवाच्या कडेला मुंडावळ्या बांधलेली नंदा उभी होती, ती बापाकडे पाहत होती. मला तिच्याकडे बघवेना.

"व्याहीबुवा," साडू हात जोडून म्हणाले, "जेवन शिजायची वैरन तुमच्या बैलांनी खाल्ली."

व्याह्यांना काही उमगेना. "तुमी जेवनात वैरन घालता व्हय?" त्यांनी विचारलं.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. साडूंनी घाईघाईनं समजवायला सुरुवात केली, की भुशात ऊब कशी धरून राहते, सरकारचं म्हणणं काय आहे, प्रदर्शनात काय होतं. हातवारे करत ते चांगलेच रंगात आले आणि बोलता बोलता त्यांची नजर नंदावर गेली. ते थांबले. पेटीची माहिती त्यांनी अर्धवट सोडलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"पोरीचा ह्यात काय बी दोष न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "ती नगंच म्हनत हुती. मी ऐकलं न्हाई. हसायचं तर मला हसा, अन् आजच हसून घ्या. तिला तिकडं नेल्यावर हे काडू नका."

व्याही खड्ड्यांवर चरणाऱ्या आपल्या बैलांकडे वळले. त्यांच्या जोडीतला एक बैल मागच्या साली दुष्काळात गुरांच्या छावणीत मेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. मग त्यांनी फेटा काढून काखेत धरला. "लई लग्नं बगितली," ते म्हणाले, "पर मानसाच्या आदी बैलांची पंगत उठलेली आजच बगितली. ज्या घरानं माज्या जनावराला आदी जेवू घातलं, त्या घरच्या पोरीला कोन हसतंय बगतो मी. पेटवा चुली. आमी थांबतो."

मग साडू असे काही कामाला लागले की ज्याचं नाव ते. पेटवायला लाकूड नव्हतं, कारण पहाटेच्या एका उकळीपुरतंच त्यांनी ते आणलं होतं. सगळ्यात आधी त्यांनी ती लाडकी पेटीच फोडली. मग गोठ्याचं मोडकं दार, जुनं जू, मांडवाचे जादा वासे आणि मला वाटतं, कुणाची तरी चांगली धड खुर्चीसुद्धा. चिरलेल्या काड्या वाऱ्यानं एकामागून एक विझल्या, तेव्हा आक्कांनी शेजारणीकडून अख्ख्या काड्यांची पेटी मागवली आणि काही न बोलता नवऱ्याच्या हातात दिली. चार चुली धडधडून पेटल्या. व्याही स्वतः लाकडं सारायला बसले. घामाघूम झालेले ते दोन व्याही शेजारी शेजारी चुली फुंकताहेत आणि सगळं वऱ्हाड भोवती उभं राहून सूचना करतंय, असा तो सोहळा चालला. आमटी थोडी करपली. ती भुकेच्या तोंडी इतकी गोड लागली की वऱ्हाडातली माणसं पुढं कित्येक वर्षं तिचं नाव काढत.

उन्हं कलल्यावर गाड्या जुंपल्या. नंदा आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली आणि मग बापापुढं येऊन उभी राहिली. तिनं वाकून पाय धरले, त्यांनी तिला उठवून गाडीत बसवलं. गाड्या मळ्याबाहेर पडून माळाच्या वाटेला लागल्या. तो माळ सपाट, दूरवर गाडी दिसत राहते.

माणसं पांगली. परसात चुली अजून ढणढण जळत होत्या, वर भांडं नव्हतं. इतक्या दिवसांच्या सहवासानं माझ्याही हाताला वळण लागलं असावं. मी वाकून एका चुलीतलं लाकूड मागं ओढू लागलो. साडूंनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, साडूभाऊ," ते म्हणाले. "ती अजून माळावर हाय. मागं वळून बगितलं तर घरी चूल पेटलेली दिसू द्या तिला."

आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. लाकूड खाली बसलं की ते आणखी एक आत सारत होते, आणि माळावरची शेवटची गाडी दिसेनाशी झाली तरी सारतच होते.