अप्पा काय बोलायचे

राजकुमार सरांनी सबंध नोकरीत पोरांच्या तोंडातलं 'लई' आणि 'व्हय' उपटून काढलं. निवृत्तीनंतर शहरात, उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये ते आठवणी लिहायला बसले, तर त्यांचा बाप कागदावर बोलेना. म्हणजे बोलायचा, पण काय? "बाळा, उत्तम शिक्षण घेऊन कुळाचे नाव उज्ज्वल कर." अप्पा म्हणजे पिशोर गावचा धोंडिबा, जन्मभर लोकांच्या विहिरी खणलेला माणूस! सुलेखानं, म्हणजे सरांच्या बायकोनं, ते वाचून कागद खाली ठेवला. "मामंजी असं बोलायचे? हे तर झेंडावंदनाचं भाषण झालं."

सरांना राग आला, कारण ते खरं होतं. अप्पांचे हात आठवत होते, खोकलासुद्धा आठवत होता. शब्द मात्र एक आठवेना. बापाचं एक तरी खरं वाक्य लिहून व्हावं, एवढीच इच्छा, आणि तिथंच गाडं अडलेलं. शेवटी त्यांनी पिशोर गाठलं. गावात नुसतं कान देऊन बसलं की अप्पांची बोली आपोआप सापडेल, असा त्यांचा होरा.

कसली सापडते! सर पारावर दिसले की माणसं सावरून बसायची. "नमस्कार सर, आपली प्रकृती कशी आहे?" एकटा म्हातारा कडुबा चुकून बोलून गेला, "लई दिसांनी आला." तर सरांच्या तोंडून निघालंच, "पुष्कळ दिवसांनी म्हणावं." जित्याची खोड. कडुबा पुन्हा बोलला नाही.

धाकटी आत्या लीलाबाईसुद्धा "बसावे, चहा घ्यावा" म्हणाली आणि आत जाताच सुनेला म्हणाली, "दूध हाय का नाय बघ. अन् त्याच्यासमोर जरा नीट बोल." सर बाहेर बाजेवर ऐकत होते. आपल्याच गोतात ते परक्यासारखे बसले होते.

चहा आला तेव्हा ते म्हणाले, "आत्या, मला सर समजू नकोस. अप्पा माझ्याशी कसं बोलायचे, तेवढं सांग."

लीलाबाई पदर चाचपत राहिली. मग सरळच म्हणाली, "तुह्याशी कुठं बोलायचा रं दादा? तू बोर्डिंगातून आला का त्याच्या बोलण्यातल्या चुका काढायचा. मग त्यानं तोंडच मिटलं. तुही येष्टी गेली का बोलायचा. स्टँडवरून घरापस्तोर, एकलाच."

"काय बोलायचे?"

"पोरगं लई वाळलं, म्हणायचा. तिकडं पोटभर जेवतं का नाय, इचारायचंच राहिलं."

सरांना रडू आलं, आणि आत्यासमोर ते लपवताही आलं नाही.

घरी येऊन त्यांनी तेवढंच लिहिलं. सुलेखानं वाचलं. "हे मामंजीच," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण ते हे बोलतात तेव्हा तुम्ही कुठं आहात?"

"एसटीत," सर म्हणाले. "गाडी निघून गेलीय."